बरे झाल्यानंतरही तो जुना विचार मध्येच येतो. याचा अर्थ काय समजावा?

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात राहतो. वय एकोणचाळीस, घरची सात एकर कोरडवाहू शेती आहे. चार वर्षांपूर्वी मला नैराश्याचा आजार झाला होता. त्यातले सुमारे पाच महिने असे गेले की जगू नये हा विचार दिवसातून कितीतरी वेळा येत असे. थोरल्या भावाने मला जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे नेले, सव्वा वर्ष गोळ्या चालल्या, समुपदेशनाच्या भेटी झाल्या, आणि डॉक्टरांच्याच सल्ल्याने गोळ्या हळूहळू कमी करत बंद झाल्या. आज मला झोप लागते, जेवण जाते, मी वावरात राबतो, संध्याकाळी पोरीचा अभ्यास घेतो. मला पाहणारा कोणीही हा माणूस बरा आहे असेच म्हणेल, आणि मीही तसेच म्हणतो.

तरीही एक गोष्ट मला कोणाला विचारता आलेली नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

मागच्या पंधरवड्यात परतीच्या पावसाने उभे सोयाबीन भिजले. पाऊस उघडल्यावर मी वावरात गेलो आणि एक शेंग सोलली, तर आत दाण्याला पांढरा कोंब फुटलेला होता. दुसरी सोलली, तिसरी सोलली, तीच गत. मी धुऱ्यावर बसून हिशोब करू लागलो की सोसायटीचे किती द्यायचे, कृषी केंद्राचे किती द्यायचे, आणि हिशोब पुरा होण्याच्या आतच मनात ते जुने वाक्य उमटले, की त्यापेक्षा आपण नसलेलेच बरे. मी रडत नव्हतो, तसा खचलोही नव्हतो. गुरुजींनी पाढा विचारावा आणि पाठ असलेले उत्तर आपोआप तोंडातून निघावे, तसे ते आले आणि दहा-पंधरा सेकंदांत गेलेही. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो आणि झोपलो. परंतु त्या वाक्याची जी धास्ती बसली, ती अजून गेलेली नाही.

तेव्हापासून मी मागे वळून पाहतो आहे, आणि आजार गेला तरी माझी विचार करण्याची रीतच काही बाबतींत बदलून राहिली आहे, असे मला दिसते. रोज सकाळी डोळे उघडले की मी आधी मन चाचपतो, आज तो विचार आहे का म्हणून. साधा कंटाळा आला तरी मला त्यात आजार दिसतो. घरात कोणी पुढच्या पाच-सात वर्षांचे बोलू लागले, विहीर खोदण्याचे किंवा संत्र्याची कलमे लावण्याचे, तर मी हो म्हणतो. पण त्या वर्षांत मला स्वतःला पाहताच येत नाही, एका हंगामापलीकडे माझी नजर पोहोचत नाही. आनंद झाला तरी त्याच्यावर मी पुरता भरवसा टाकत नाही.

हा विचार पुन्हा येणे म्हणजे आजारच परत येणे आहे काय? ज्याच्या मनात तो एकदा मुक्काम करून गेला, त्याच्या मनात तो कायमचा राहतो काय? बायकोला सांगावे की नाही हेही मला ठरवता येत नाही, कारण त्या काळात तिने जे सोसले ते मी पाहिले आहे. आणि डॉक्टरांना सांगितले तर पुन्हा गोळ्या सुरू होतील, किंवा कागदावर काही लिहिले जाऊन पोलिसांपर्यंत जाईल, ही भीती कितपत खरी आहे? आज या घडीला माझ्या मनात तसे काही करण्याचा विचार नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

पळसफूल (वर्धा जिल्हा)

भाऊ, तुमचे पाढ्याचे उदाहरण वाचून मी बराच वेळ थांबले, कारण अकरा वर्षांत मला ते इतके नेमके कोणाला सांगता आले नव्हते. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला हा आजार झाला, दोन वर्षे उपचार झाले आणि त्यानंतर तो पुन्हा आलेला नाही. विचार मात्र मधूनमधून आला, आणि सुरुवातीला मीही तुमच्यासारखीच घाबरत असे.

मला ज्या गोष्टीने सर्वांत अधिक मदत झाली, ती अगदी साधी आहे. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका असते आणि तिच्यावर मी दुधाचा हिशोब लिहिते. ज्या दिवशी तो विचार येई, त्या तारखेच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने एक लहान टिंब काढू लागले. दुसरे काही लिहीत नव्हते, केवळ टिंब. वर्ष संपल्यावर सगळी पाने उलटून पाहिली तर अकरा टिंबे होती, आणि त्यांतली आठ अशा दिवसांची होती की आदल्या रात्री लेकराच्या तापामुळे माझी झोप झाली नव्हती, किंवा दिवसभराचा उपास होता, किंवा घरात मोठा वाद झाला होता. तो विचार माझ्या जगण्याची किंमत ठरवायला येत नव्हता. शरीर थकले आणि मन थोडे उतरले की त्या उताराने तो येत होता. हे डॉक्टरांनी मला पूर्वी दोनदा सांगितले होते, पण माझ्याच हाताची टिंबे पाहिल्यावर ते मला पटले. पुढच्या वर्षी चार टिंबे होती. मागच्या वर्षी दोन होती, आणि त्यांतले एक तर मुलीचा दहावीचा चांगला निकाल लागला त्या दिवसाचे होते, याचे कारण मला आजही उमगलेले नाही.

रोज सकाळी मन चाचपण्याची सवय मात्र सोडवा. भात शिजत असताना दर मिनिटाला झाकण काढून पाहिले तर वाफ धरत नाही आणि भात कच्चा राहतो, तसे माझे झाले होते. मी इतक्या वेळा मनात पाहत होते की जे नव्हते तेही पाहण्यामुळेच समोर येत होते. माझ्या समुपदेशक बाईंनी सांगितले की आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वेळी पाहा. मी रविवारची दुपार ठरवली. सोमवारी शंका आली तर मनाला सांगत असे की रविवारी पाहू. पहिले दोन महिने हे जमले नाही, मग जमू लागले.

आता वहिनींना सांगण्याबद्दल. मी दोन वर्षे नवऱ्याला काही सांगितले नाही, त्याला त्रास नको म्हणून. परंतु मी गप्प झाले की तो स्वतःच अंदाज बांधत असे, आणि त्याचा अंदाज दर वेळी खऱ्यापेक्षा वाईट असे. शेवटी आम्ही घरातले शब्द ठरवले. "आज आभाळ आहे" असे मी म्हणाले, तर मन उतरले आहे, जमल्यास चहा तू कर, एवढाच अर्थ. "आभाळ आहे, पण पाऊस नाही" म्हणजे तो विचार येऊन गेला, पण धोका नाही. आणि "पाऊस आहे" असे म्हणाले, तर मला एकटीला सोडू नको आणि डॉक्टरांना फोन लाव. तिसरे वाक्य इतक्या वर्षांत एकदाही बोलावे लागलेले नाही, पण ते ठरलेले आहे म्हणून आम्ही दोघेही निवांत झोपतो. सासूबाईंच्या समोरसुद्धा मी हे बोलू शकते आणि त्या अंगणातले वाळवण आवरायला उठतात.

पुढची वर्षे न दिसणे, हे माझ्या बाबतीत सर्वांत उशिरा सुटले. आजारात मन उद्याच नको म्हणते, आणि बरे झाल्यावरही ती सवय मागे उरते. माणूस मोठे मडके विकत घेतानाही कचरतो. मी पोस्टात आवर्ती ठेवीचे खाते उघडले, महिना दोनशे रुपयांचे. ते पाच वर्षांचे असते, म्हणूनच उघडले. खिडकीवर अर्ज भरताना मुदत संपण्याचे वर्ष वाचून माझा हात थांबला होता, हे मला आजही आठवते. त्यानंतर महिन्याच्या महिन्याला जाऊन मी पुस्तकात नोंद करून घेत असे, आणि एकेक नोंद वाढत गेली तसे ते वर्ष जवळ आले. ठेव पूर्ण झाली तेव्हा मी पुन्हा पाच वर्षांसाठी भरली, आणि त्या वेळी हात थांबला नाही.

सायंप्रार्थना (अमरावती जिल्हा)

बाबा रे, मी सदुसष्ट वर्षांचा आहे. माझा धाकटा भाऊ आम्ही असाच गमावला; त्याच्या मनात काय चालले आहे हे आम्हांला कळलेच नाही, कारण तो कोणाजवळ बोलला नाही. तू येथे बोललास हे फार चांगले केलेस, आणि ते वाचून मला तुला चार शब्द सांगावेसे वाटले.

पावसाळ्यात काळ्या मातीतून बंड्या गेल्या की चाकांच्या खोल चाकोऱ्या पडतात आणि पुढे ऊन लागले की ती माती दगडासारखी वाळते. मग कोरड्या दिवसांत रिकामी बंडी नेली तरी चाक आपसूक त्या चाकोरीत उतरते. चाक उतरले म्हणून बंडी त्या वाटेने शेवटपर्यंत गेलीच पाहिजे असे नसते. खाली उतरून, बैलांना थोडे आडवे घेऊन, चाक वर काढता येते. तुझे तसेच झाले आहे असे मला वाटते.

माझा सल्ला असा की एकटा बसू नकोस. आमच्या गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पद्धतीची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते. तुझ्या गावात होत असेल तर जात जा, नसेल तर पारावर चार माणसांत बस. आणि तो विचार मनात येऊच देऊ नये. आला की त्याच क्षणी जोर लावून हाकलावा, त्याला उभेच राहू देऊ नये.

समुपदेशक (अकोला जिल्हा)

मी एका तालुक्याच्या ठिकाणी मानसिक आरोग्याच्या कामात बारा वर्षे आहे. धुऱ्यावरचे भाऊ, येथे लिहून कोणाचेही निदान करता येत नाही, म्हणून तुम्ही एकदा डॉक्टरांना भेटावे असेच मी सांगणार आहे. पण तुमच्या प्रश्नांमागे जे शास्त्र आहे ते समजले तर त्या भेटीची भीती कमी होईल, या हेतूने थोडे विस्ताराने लिहितो.

काकाजींनी चाकोरीचे जे उदाहरण दिले, त्याच्या अगदी जवळचे म्हणणे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन टीसडेल यांनी १९८८ मध्ये मांडले. त्यांच्या मते नैराश्याच्या काळात उदास मन आणि काही ठरावीक विचार इतक्या वेळा एकत्र येतात की त्यांची आपसांत गाठ बसते. आजार बरा झाल्यावर ते विचार दिसत नाहीत, परंतु पुढे कधी मन थोडे जरी उतरले, तरी ती गाठ ओढली जाते आणि सगळे विचार एकदम वर येतात. म्हणून बरे झालेल्या माणसात आणि कधीच आजारी न पडलेल्या माणसात, मन प्रसन्न असताना, विचारांचा फरक फारसा दिसत नाही. तो दिसतो मन उतरल्यावर. मार्क विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच पुढे आत्महत्येच्या विचारांना लावून पाहिले. ज्याच्या पहिल्या आजारात हा विचार होता, त्याचे मन पुन्हा उतरले तर तोच विचार परतण्याचा संभव अधिक असतो, असे त्यांना आढळले. कोंब फुटलेली शेंग पाहून कोणत्याही कास्तकाराचे मन उतरेल. तुमच्या मनाला त्या उतरणीला जोडलेले एक उत्तर पूर्वीपासून पाठ आहे, एवढा फरक. ते उत्तर येणे म्हणजे तुमची इच्छा नव्हे, आणि केवळ एकदा येऊन जाणे म्हणजे आजार परतणेही नव्हे. मात्र या बाबतीत तुमचे मन इतरांपेक्षा हळवे आहे, ही माहिती आयुष्यभर जवळ ठेवावी, जशी एकदा मोडून जुळलेल्या हाताची आपण ठेवतो.

काकाजी, एका ठिकाणी मात्र आपल्याशी आदरपूर्वक मतभेद नोंदवतो. विचाराला जोर लावून हाकलण्याचा परिणाम बहुधा उलट होतो. अमेरिकेतील डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना सांगितले होते की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. तो विचार त्यांना टाळता आला नाही, आणि नंतर मोकळीक दिल्यावर, ज्यांना आधी असे मना केले नव्हते त्यांच्यापेक्षा त्यांना तो अधिक आला. आल्या विचाराला नाव द्यावे, "हा तो जुना विचार, मन उतरले म्हणून आला आहे" असे स्वतःशी म्हणावे, आणि हातातले काम पुढे चालू ठेवावे. हाकलणेही नाही आणि बसायला पाट देणेही नाही. आपण सांगितलेली माणसांत बसण्याची गोष्ट मात्र सोळा आणे खरी आहे.

आता पुढची वर्षे न दिसण्याबद्दल, कारण हा तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला वाटतो. १९८६ मध्ये मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसांना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादा प्रसंग आठवायला सांगितले. "आनंद" म्हटल्यावर इतर लोक एखादा विशिष्ट दिवस सांगत. ही माणसे बऱ्याचदा "लहानपणी मी आजोबांबरोबर जत्रेला जात असे" अशा मोघम थाटाचे काही सांगत. त्रासदायक तपशील टाळता टाळता मनाला सगळ्याच आठवणी दुरून पाहण्याची सवय लागते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. पुढे १९९६ मधील अभ्यासात विल्यम्स यांना दिसले की ज्यांच्या आठवणी अशा मोघम असतात, त्यांना भविष्यही तपशिलाने रंगवता येत नाही. आपण उद्याचे चित्र कालच्या तुकड्यांतूनच जुळवतो. तुकडे धूसर असले तर चित्रही धूसर. म्हणून तुम्हांला विहीर दिसत नाही, याचा अर्थ तुम्हांला ती नको आहे किंवा तुम्ही त्या वर्षी असणार नाही, असा मुळीच काढू नका. ही सवय मोडता येते. रोज रात्री दिवसातला एकच प्रसंग बारकाव्यांसह आठवा, म्हणजे कोण काय बोलले, हातात काय होते, वास कशाचा होता. आणि विहिरीबद्दल बोलणे निघाले की नुसते हो म्हणू नका. ती वावराच्या कोणत्या कोपऱ्यात, पहिला घाव कोण घालणार, गाळ कोठे टाकायचा, हे विचारा. पळसफूल ताईंच्या ठेवीच्या पुस्तकाने हेच केले आहे.

डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे असे प्रसंग मात्र ओळखून ठेवा. विचार येऊन जाण्याऐवजी थांबू लागला, रोज येऊ लागला, त्याला वेळ, जागा किंवा साधन जोडले जाऊ लागले, आपण घरच्यांवर भार आहोत असे ठाम वाटू लागले, दोन आठवडे झोप आणि भूक मोडली, किंवा दारू वाढली, तर वाट पाहू नये. शासनाची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. ती १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तातडीचा धोका वाटला तर १०८ किंवा ११२ वर फोन करून माणूस जवळ ठेवावा.

मन स्वस्थ असतानाच एक कागद लिहून ठेवा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन तज्ज्ञांनी ही रीत बांधून दिली आणि आज ती बऱ्याच देशांत वापरली जाते. मन घसरू लागल्याची माझी पहिली खूण कोणती, त्या वेळी मी एकटा काय करू शकतो, कोणाकडे किंवा कोठे जाऊन बसू शकतो, कोणाला स्पष्ट सांगून मदत मागू शकतो, कोणत्या डॉक्टरांना किंवा क्रमांकावर फोन करायचा, आणि घर सुरक्षित कसे ठेवायचे, एवढेच त्यात असते. आपल्या भागात शेवटच्या मुद्द्याचा अर्थ असा की फवारणीची औषधे राहत्या घरात ठेवू नयेत. लागतील तेवढीच त्या दिवशी आणावीत, किंवा कुलपात ठेवून किल्ली भावाकडे द्यावी. तुम्ही बरे असतानाही हे करावे, कारण असा टोकाचा क्षण बहुधा थोडा वेळच टिकतो आणि तेवढा वेळ निभावला की माणूस वाचतो.

पोलिसांबद्दल निर्धास्त राहा. मनात विचार आला हे डॉक्टरांना सांगणे हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्न करणाऱ्यालाही शिक्षा नव्हे तर उपचार मिळावेत, अशी भूमिका २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने घेतली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे जुने ३०९ कलम ठेवलेले नाही. तुमची माहिती गोपनीय ठेवणे हे त्याच २०१७ च्या कायद्याने उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे. गोळ्यांचे म्हणाल, तर एका विचारावरून त्या सुरू होतातच असे नाही. डॉक्टर झोप, भूक, कामातील लक्ष पाहूनच ठरवतील. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका.

आणखी एक गोष्ट आपल्या मातीतली आहे म्हणून सांगतो. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत "विश्राम" नावाचा प्रकल्प झाला, ज्यात गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलत आणि आधार देत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि मागील वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. आपल्याच वऱ्हाडातील माणसे बोलू लागली तेव्हाचे हे आकडे आहेत.

तुळशीवृंदावन (बुलढाणा जिल्हा)

मला आजार झालेला नाही, माझ्या नवऱ्याला झाला होता. म्हणून मी केवळ वहिनींच्या बाजूचे लिहिते.

भाऊ, तुम्ही तिला सांगत नाही याचा अर्थ तिला माहीत नाही असा नाही. माझा नवरा बरा झाल्यानंतर जवळजवळ एक वर्ष मी रात्री त्याच्या पावलांचा आवाज मोजत असे. तो गोठ्याकडे गेला की मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहत असे आणि परत आला की झोपल्याचे दाखवत असे, कारण मी लक्ष ठेवते हे कळले तर त्याला अपमान वाटेल अशी मला भीती होती. तो माझ्यापासून लपवत होता आणि मी त्याच्यापासून. एका रात्री त्याने स्वतःहून सांगितले की आज बाजारातून येताना तसा विचार आला होता आणि गेला. मला वाटले होते की हे ऐकले तर मी कोसळेन. प्रत्यक्षात त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी सलग झोपले, कारण विचार आला तर हा मला सांगतो, हे मला कळले होते.

तिला सांगाल तेव्हा तिला एखादे कामही द्या. नुसते सांगून सोडले तर बाई रात्रभर त्याचाच विचार करते. किल्ली तिच्याकडे द्या, भेटीची तारीख तिला लक्षात ठेवायला सांगा, काहीतरी तिच्या हातात असू द्या.

सायंप्रार्थना (अमरावती जिल्हा)

साहेब, आपले अस्वलाचे उदाहरण मी दोनदा वाचले आणि मला ते मान्य आहे. नामस्मरण करतानाही मन भटकते तेव्हा त्याला मारून मुटकून बसवता येत नाही, हळूच परत आणावे लागते, हे मी इतकी वर्षे करत आलो, पण या विचाराला ते लावून पाहिले नव्हते.

मला एक विचारायचे आहे. माझा एक पुतण्या काही दिवसांपासून गप्प असतो. त्याला सरळ विचारावे काय? तसे विचारल्याने नसलेला विचार त्याच्या मनात घातल्यासारखे तर होणार नाही ना? माझ्या भावाच्या वेळी आम्ही याच भीतीने विचारले नाही.

समुपदेशक (अकोला जिल्हा)

काकाजी, अवश्य विचारा, आणि आजच विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजतो असे संशोधनात आढळलेले नाही. उलट ज्याच्या मनात तो असतो त्याला कोणीतरी विचारल्याने सुटल्यासारखे वाटते. चार माणसांत नको, वावरात किंवा वाटेने चालताना विचारा. "तुला जगणे नकोसे वाटते का, मरणाचा विचार येतो का" इतक्या सरळ शब्दांत विचारा, आणि तो हो म्हणाला तर समजूत घालण्याची घाई न करता आधी पूर्ण ऐकून घ्या. त्यानंतर त्याला एकटे न सोडता स्वतः बरोबर घेऊन जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. आपल्या भावाच्या वेळी जे राहून गेले त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. त्या वेळी हे आपल्याला कोणी सांगितलेले नव्हते.

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिले नाही, कारण जे सांगितले ते आधी करून पाहायचे होते.

परवा रात्री पोरगी झोपल्यावर आम्ही दोघे ओसरीत सुपात सोयाबीन घेऊन डागी दाणे वेगळे करत होतो, तेव्हा मी बायकोला सांगितले. ती हात न थांबवता ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मला त्याच दिवशी वाटले होते. तुम्ही पायाची माती न धुता घरात आला होता." मी तेवीस वर्षांत एकदाही तसा घरात आलेलो नाही, आणि हे माझ्या लक्षातही आले नव्हते. समुपदेशक साहेब, कागदावर पहिली खूण कोणती लिहायची, याचे उत्तर मला तिच्याकडून मिळाले. कागद आम्ही दोघांनी मिळून लिहिला आणि तो पोरीच्या जुन्या दप्तरात ठेवला आहे. औषधांच्या पेटीची किल्ली काल भावाकडे दिली. त्याने कारण विचारले नाही, पण किल्ली खिशात ठेवताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टरांची भेट मंगळवारी आहे. बायको बरोबर येणार आहे आणि तारीख तिनेच लक्षात ठेवली आहे.

पळसफूल ताई, सकाळी मन चाचपणे अजून सुटलेले नाही, पण मी बुधवार ठरवला आहे. दिनदर्शिका आमच्याकडे नाही, म्हणून पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर रेघा आखून घेतल्या.

काल संध्याकाळी भाऊ आणि मी वावरात गेलो होतो आणि विहिरीचे बोलणे पुन्हा निघाले. या वेळी मी विचारले की कोणत्या कोपऱ्यात. तो म्हणाला पूर्वेच्या, मी म्हणालो तेथे मुरूम लवकर लागतो, पश्चिमेला बाभळीजवळ घ्यावी. यावर आमचा अंधार पडेपर्यंत वाद झाला आणि अजून मिटलेला नाही. काकाजी, आपल्या पुतण्याचे काय झाले ते जमल्यास येथे कळवावे.